एक शहर, दोन शाळा

मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न पडला की आपण आधी विचारतो, 'तिथून कोण कोण शिकून मोठे झाले?' रायपूरच्या दोन जुन्या शाळांना हाच प्रश्न विचारला, तर उत्तरे मोठी मनोरंजक मिळतात आणि विचारही करायला लावतात.

रायपूरच्या सदर बाजारात सकाळी दहाच्या सुमारास जावे. सराफांच्या पेढ्यांची दारे नुकतीच उघडलेली असतात. कुणी गादीवर पांढरी चादर अंथरत असतो, कुणी काट्याला नमस्कार करून बोहनीची वाट पाहत असतो. लग्नसराई असेल तर गावोगावची माणसे पोरीबाळींना घेऊन आलेली असतात आणि छत्तीसगढी, हिंदी, मारवाडी, सिंधी अशा सगळ्या बोली एकदम कानांवर पडतात. मधूनच एखादी मराठी हाकही ऐकू येते. कारण हा बाजार आणि त्याच्या आसपासचे बूढापारा, तात्यापारा हे जुने मोहल्ले मराठी माणसांना परके नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आलेली कितीतरी घराणी इथेच रुजली.

इथून रिक्षा करावी आणि 'सप्रे शाळा' म्हणावे. रिक्षावाला काही न विचारता बूढा तलावाच्या बाजूला निघतो. 'लाखेनगर' म्हणावे, तरी तो अडत नाही. सप्रे आणि लाखे ही दोन मराठी आडनावे या शहरात पत्ता म्हणून रोज हजारो वेळा उच्चारली जातात. पण हे सप्रे कोण आणि हे लाखे कोण, असे विचारले तर मात्र बहुतेक जण नुसते हसतात. 'कोई बड़े आदमी रहे होंगे,' एवढेच उत्तर मिळते.

मोठे होते खरेच. आणि दोघेही एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

राजपुत्रांची शाळा

इंग्रजांच्या काळात रायपूरला दोन नामांकित शाळा होत्या. एक होती राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी, दुसरी तुमच्याआमच्या मुलांसाठी.

पहिलीचे नाव राजकुमार कॉलेज. नावात कॉलेज असले तरी ही शाळाच. तिची कल्पना थेट विलायतेतून आलेली. इंग्लंडमध्ये ईटन, हॅरो अशा जुन्या निवासी शाळा आहेत. ईटन तर 1440 सालची. तिने आजवर ब्रिटनला वीस पंतप्रधान दिले. हॅरो 1572 सालची, चर्चिल तिथले आणि आपले जवाहरलाल नेहरूही तिथलेच. राज्य चालवणारी माणसे अशा शाळांत घडतात, यावर इंग्रजांचा गाढ विश्वास. तेव्हा हिंदुस्थानातल्या संस्थानिकांची मुलेही अशाच साच्यातून काढावीत, म्हणजे पुढे ती आपल्याशी निष्ठेने वागतील, असा हिशेब त्यांनी केला. राजकोट, अजमेर, इंदूर, लाहोर इथे अशा शाळा निघाल्या. मध्य प्रांतासाठी 1882 मध्ये जबलपूरला एक शाळा सुरू झाली आणि 1894 मध्ये ती रायपूरला आली.

सदर बाजारातून जयस्तंभ चौक, तिथून तात्यापारा, आझाद चौक असे पश्चिमेकडे जात राहिले की मोठ्या रस्त्यावर आजही तिचे विस्तीर्ण आवार लागते. रायगड, सारंगगड, कोरिया अशा संस्थानांची मुले इथे राहून शिकत. इंग्रजी, घोडेस्वारी, क्रिकेट, टापटीप आणि शिस्त यांचे धडे गिरवत. पुढे काळ बदलला, संस्थाने गेली आणि सामान्य घरांतली मुलेही इथे शिकू लागली. आज ती एक नावाजलेली शाळा आहे.

या शाळेने घडवलेल्या तिघांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पहिले रायगडचे राजे चक्रधर सिंह. 1905 चा जन्म. हे धाकटे पुत्र, म्हणजे गादी त्यांच्या वाट्याला यायची नव्हती. पण थोरले बंधू गेले आणि 1924 मध्ये ते गादीवर आले. इंग्रजी साच्यात वाढलेला हा राजपुत्र मनाने मात्र तबल्याचा आणि घुंगरांचा निघाला. त्यांनी जयपूर आणि लखनौच्या मोठमोठ्या गुरूंना रायगडला बोलावले आणि त्यांच्यासमोर कोणाला बसवले? आसपासच्या खेड्यांतल्या गरीब घरांमधल्या गुणी पोरांना. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज, बर्मनलाल ही नावे त्यातूनच पुढे आली आणि कथकमध्ये रायगडची स्वतंत्र शैली मानली जाऊ लागली. राजांनी स्वतः संगीत आणि नृत्यावर मोठे ग्रंथ लिहिले. 1947 मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ रायगडला गणेशोत्सवाच्या दिवसांत चक्रधर समारोह भरतो.

दुसरे सारंगगडचे राजे नरेशचंद्र सिंह, राजगोंड घराण्यातले. स्वातंत्र्यानंतर ते राजकारणात आले, बरीच वर्षे मंत्री होते आणि मार्च 1969 मध्ये मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. पण तो काळ रोज पक्ष बदलणाऱ्या आमदारांचा होता. तेरा दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्या राज्याचे पहिले आदिवासी मुख्यमंत्री म्हणून इतिहासात त्यांची नोंद झाली.

तिसरे कोरियाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला, म्हणजे ज्या परिषदेला गांधीजी गेले होते तिला, हेही संस्थानिकांच्या बाजूने हजर होते. आपल्या राज्यात शिक्षणाकडे लक्ष पुरवणारा राजा, असा त्यांचा लौकिक. पण जगाला त्यांचे नाव माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. 1947 मध्ये त्यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातल्या रानात चित्ता असल्याची ती अखेरची पक्की नोंद ठरली आणि 1952 मध्ये हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 2022 च्या सप्टेंबरात आफ्रिकेतून चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या राजाचे नाव पुन्हा छापून आले. शाळेच्या भिंतीवर नावे लिहिताना माणसाचे सगळे पैलू कुठे मावतात!

दुसरी शाळा

आता दुसऱ्या शाळेकडे वळू. हे रायपूरचे सरकारी हायस्कूल. इथे ना घोडे होते, ना नोकरचाकर. छत्तीसगडच्या दूरदूरच्या गावांतून मुले बैलगाडीने नाहीतर पायी यायची, कुणा नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायची, हाताने भात शिजवायची आणि मॅट्रिकची तयारी करायची.

पण या शाळेतून बाहेर पडलेली माणसे पाहिली की थक्क व्हायला होते. मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल इथले. वकिलीत नाव काढण्यापूर्वी खैरागडच्या शाळेत मास्तरकी केलेला हा माणूस 1956 मध्ये देशातल्या एका मोठ्या राज्याचा मुख्यमंत्री झाला. भाषापंडित हरिनाथ डे इथले. 1877 साली जन्मलेला हा मुलगा रायपूरहून कलकत्त्याला आणि तिथून केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजात गेला. त्याला चौतीस भाषा येत होत्या असे सांगतात. कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचा तो पहिला भारतीय ग्रंथपाल. आजची राष्ट्रीय ग्रंथालय ही संस्था ती हीच. 1911 मध्ये तो वारला, तेव्हा वय होते चौतीसच. सदर बाजाराला लागून असलेल्या बूढापाऱ्यात डे कुटुंबाचे घर होते. 1877 ते 1879 या काळात नरेंद्रनाथ दत्त नावाचा किशोरवयीन मुलगा आईवडिलांसह रायपूरला राहिला होता, तो त्याच घरात, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. हा मुलगा म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. बूढा तलावालाही आता त्यांचेच नाव आहे.

आणि याच शाळेतले दोन मराठी मित्र म्हणजे माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे.

पन्नास रुपये पगार

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची. प्राथमिक शिक्षण बिलासपूरला झाले आणि 1887 मध्ये ते रायपूरच्या हायस्कुलात आले. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. नंदलाल दुबे नावाचे एक हिंदीचे शिक्षक त्यांना लाभले आणि त्यांनी या मराठी मुलाला हिंदी साहित्याची गोडी लावली. एका शिक्षकाने लावलेली ही गोडी पुढे एका भाषेच्या इतिहासात नोंदली गेली.

1890 मध्ये माधवराव मॅट्रिक झाले. पुढचे शिक्षण सरळ झाले नाही. मध्येच ठेकेदारी करून पाहिली, तीत खोट आली. पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि 1898 मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी हात जोडून समोर उभी असे. मामलेदार, डेप्युटी कलेक्टर ही स्वप्ने घरच्यांनी पाहिलीही असतील. माधवरावांनी सरकारी नोकरी करायची नाही, असे ठरवले. त्याऐवजी ते पेंड्रा या जंगलातल्या लहानशा जमीनदारीत गेले आणि तिथल्या राजकुमाराचे शिक्षक झाले. पगार महिना पन्नास रुपये.

पहा कसा योग! सामान्यांच्या शाळेत शिकलेला मुलगा राजपुत्राचा मास्तर झाला.

या पन्नास रुपयांतून पोटाला चिमटा काढून त्यांनी जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादक होते ते स्वतः आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी! या भागातले हे पहिले मासिक. जिथे वाचणारे मोजके आणि वर्गणी देणारे त्याहून मोजके, तिथे ते तीन वर्षे चालले आणि 1902 च्या अखेरीस पैशांअभावी बंद पडले. पण याच मासिकात 1901 मध्ये माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा छापून आली. एका गरीब विधवेच्या झोपडीवर डोळा ठेवणाऱ्या जमीनदाराची ही कथा. हिंदीतली पहिली लघुकथा कोणती, यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण त्या वादात या कथेचे नाव अगदी पुढे असते.

एक सही

पुढे माधवराव नागपूरला गेले. लोकमान्यांचा 'केसरी' हिंदी वाचकांपर्यंत जावा, म्हणून 13 एप्रिल 1907 पासून 'हिंद केसरी' हे साप्ताहिक त्यांनी काढले. लिखाण जळजळीत होते. सरकारला ते मानवणे शक्यच नव्हते. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली माधवरावांना अटक झाली.

आणि इथे या कथेतला सर्वांत कठीण प्रसंग येतो. थोरल्या बंधूंनी, बाबूरावांनी, तुरुंगात निरोप पाठवला की माफीनाम्यावर सही करून सुटून ये, नाहीतर मी जीव देईन. घरची सगळी भिस्त या भावावर. ज्याने वडिलांच्या जागी राहून सांभाळले, त्याचे प्राण एका पारड्यात आणि स्वतःचा शब्द दुसऱ्यात. माधवरावांनी सही केली. काही महिन्यांतच ते सुटले.

सुटले खरे, पण लोकांनी टीका केली. त्याहून अधिक टीका त्यांनी स्वतःवर केली. आपण घसरलो, हे त्यांनी लपवले नाही, की भावावर ढकलले नाही. ते वर्ध्याजवळ हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात जाऊन राहिले. मधुकरी मागून खाल्ले, समर्थांच्या दासबोधाची पारायणे केली. मग रायपूरला परतले. सभेच्या व्यासपीठावर चढायचे नाही, पुढारपण करायचे नाही, काम करायचे, असे त्यांनी ठरवले.

आणि काम केवढे केले! दासबोध हिंदीत आणला. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ हिंदीत आणला. आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी त्याचा हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती दिला तोही माधवरावांनीच. ज्यांनी शिक्षा पूर्ण भोगली, त्यांचा ग्रंथ, ज्याने सही करून सुटका घेतली, त्याने पानोपान दुसऱ्या भाषेत उतरवला. प्रायश्चित्त याहून वेगळे काय असते? उत्तर हिंदुस्थानातल्या असंख्य घरांत कर्मयोगाचा हा विचार पोहोचला, तो या रायपूरच्या मराठी माणसाच्या लेखणीतून.

1924 मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला हिंदीवाल्यांनी दिलेला हा मान होता. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट आमच्या वाचक भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. राजकुमारांची शाळा मुलांची होती आणि मॅट्रिक होणारेही सारे मुलगेच. सप्र्यांनी रायपूरला परतल्यावर हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक काय होते? मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा.

मित्र वामनराव

वामनराव लाखे यांचा जन्म 1872 चा, रायपूरचाच. मित्राच्या मासिकाचा खर्च आणि व्यवहार अंगावर घेणारा हा माणूस पुढे वकील झाला. वकिलीत पैसा होता, पण रोज समोर येणारे पक्षकार म्हणजे सावकाराच्या कर्जात बुडालेले शेतकरी. एकेकाचा खटला लढवून किती जणांना सोडवणार? तेव्हा त्यांनी दुखण्याच्या मुळाला हात घातला. 1913 मध्ये रायपूरला सहकारी बँक उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीमुळे. शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी, बैलासाठी रास्त व्याजाने पैसा मिळावा, एवढीच त्यामागची साधी कल्पना. अनेक वर्षे त्यांनी या बँकेचे काम बिनपगारी पाहिले.

सरकारने 1916 मध्ये त्यांना 'रावसाहेब' केले. 1920 मध्ये असहकाराची हाक आली, तेव्हा त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी त्यांना आपली पदवी दिली, 'लोकप्रिय'. 1930 च्या सत्याग्रहात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक कौतुकाने पाच पांडव म्हणत. महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव आणि सर्वांत वडील वामनराव हे युधिष्ठिर. महंत, ठाकूर, मुसलमान, मारवाडी आणि मराठी! पाच पांडवांची अशी यादी रायपूरसारख्या शहरातच जमू शकते. साठीला टेकलेले हे धर्मराज त्या वर्षी तुरुंगात गेले. 1948 मध्ये, स्वातंत्र्य पाहून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मग शाळा कोणती चांगली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यादीच करायची तर राजकुमार कॉलेजची यादी मुकुटांची, तर सरकारी हायस्कूलची यादी लेखण्यांची आणि तुरुंगांची. पण या दोन याद्या समोरासमोर मांडून एकीला चांगले आणि दुसरीला वाईट म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. चक्रधर सिंहांना घुंगरांचे वेड काही शाळेच्या अभ्यासक्रमातून लागले नव्हते. सप्र्यांनाही सरकारी नोकरी नाकारायला शाळेने शिकवले नव्हते. ती शाळा तर सरकारी नोकर तयार करण्यासाठीच काढलेली होती! इंग्रजांनी एक शाळा निष्ठावंत राजे घडवायला काढली आणि दुसरी आज्ञाधारक कारकून घडवायला. दोन्ही शाळांतली उत्तम मुले नेमकी तीच निघाली, ज्यांनी शाळेचा हा हेतू बाजूला ठेवला.

मग शाळा काय देते? कधी एखादा नंदलाल दुबे देते. कधी आयुष्यभर पाठीशी उभा राहणारा वामनरावांसारखा मित्र देते. बाकीचे घर देते आणि उरलेले माणसाला स्वतःच कमवावे लागते, प्रसंगी चुकून, पडून आणि पुन्हा उठून.

आज प्रवेशाच्या दिवसांत आईबाप रात्र रात्र जागतात. अर्ज, देणग्या, मुलाखती! मोठ्या शाळेत नंबर लागला नाही, तर मुलाचे आयुष्यच फुकट गेले असे तोंड करून बसतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की शाळेच्या भिंतीवरची नावे जरूर वाचावीत, पण मुलाला मास्तर कोण आहेत आणि मित्र कोण मिळतील, याचीही चौकशी करावी. आणि निकालाच्या दिवशी मूल घसरले, तर त्याला माधवरावांच्या त्या एका सहीची आणि तिच्यानंतरच्या अठरा वर्षांची गोष्ट सांगावी.

संध्याकाळी सदर बाजारात दिवे लागतात. काचेमागे सोने झळाळू लागते. सराफ कसोटीचा काळा दगड काढतो, त्यावर दागिन्याची एक बारीक रेघ ओढतो आणि सोने किती खरे ते सांगतो. दागिना कोणत्या पेढीवर घडला, हे तो नंतर विचारतो.

तिथून घरी परतताना रिक्षावाल्याला 'लाखेनगर' सांगाल, तर वाटेत त्याला हेही सांगा की लाखे कोण होते. तो नक्की ऐकेल.